थार, स्कॉर्पिओ, बोलेरोचा लोखंडी गार्ड: कायदा, विमा आणि तो नीट उतरवण्याची पद्धत

बाजारातून आणलेला लोखंडी गार्ड पुढे लावून गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेणं भारतात बेकायदेशीर आहे. गाडी खासगी असो वा टुरिस्ट परवान्याची, साधी असो वा फोर बाय फोर, नियम एकच. दुकानदार मात्र आजही बिनदिक्कत गार्ड बसवून देतात, आणि रस्त्यावर रोज दहा गाड्या तशा दिसतात म्हणून ‘चालतं’ असा समज पक्का होतो. चलान होईपर्यंत तो टिकतो. खरी अडचण अपघात झाल्यावर येते, कारण तेव्हा कायदा, विमा आणि एअरबॅग हे तिन्ही प्रश्न एकदम समोर उभे राहतात.

गार्डमध्ये काय येतं?

बंपर गार्ड, फ्रंट गार्ड, नज गार्ड, बुलबार ही नावं वेगवेगळी असली तरी वस्तू एकच: बंपरच्या पुढे उभी राहणारी आणि चासीला बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडलेली लोखंडी वा स्टेनलेस पाइपची चौकट. मूळ प्लास्टिकचा बंपर काढून त्या जागी बसवलेला जाड पत्र्याचा ‘ऑफरोड बंपर’ही यातच मोडतो. बंपरच्या कोपऱ्यावर चिकटवलेली रबराची किंवा क्रोमची पट्टी यात येत नाही. मागच्या गार्डकडे पोलिसांचं लक्ष कमी जातं, पण मालकाने मूळ रचनेत केलेला बदल म्हणून त्यालाही तोच कायदा लागू होतो.

कंपनीने कारखान्यातच लावून त्याच स्वरूपात चाचणीला दिलेला भाग वेगळा. इथे बहुतेकांची गल्लत होते. डीलरच्या अ‍ॅक्सेसरीच्या यादीत गार्ड आहे म्हणजे तो त्या मॉडेलच्या मंजुरीत आहे, असं होत नाही. गाडीच्या मूळ बिलात तो भाग आहे की अ‍ॅक्सेसरीचं बिल वेगळं फाडलंय, हे बघा. वेगळं बिल असेल तर ‘हा भाग या व्हेरिएंटच्या टाइप अ‍ॅप्रूव्हलमध्ये समाविष्ट आहे’ (म्हणजे त्या मॉडेलला चाचणीनंतर मिळालेल्या मंजुरीत) असं डीलरकडून ईमेलवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर तो भाग घेऊ नका. गार्डवरच्या ‘एआरएआय अप्रूव्ह्ड’ स्टिकरलाही भुलू नका. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत चाचणी होते ती त्या मॉडेलच्या मूळ रचनेची. फॅब्रिकेटरने वाकवलेल्या पाइपला त्या मंजुरीचा काही आधार नाही.

परदेशी गार्डचंही तेच. ऑस्ट्रेलियात बुलबारसाठी स्वतंत्र मानक आहे, आणि तिथले नावाजलेले उत्पादक एकेका मॉडेलच्या एअरबॅगशी जुळेल असा बार बनवतात. तो इथे आयात केला तर वस्तू दर्जेदार असेल, पण इथल्या मॉडेलवर तिची चाचणी झालेली नसते आणि इथल्या कायद्यात तिला सूट नाही.

कायदा नेमका काय म्हणतो

मुळाशी आहे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार बसवणं हा कलम ५२ चा भंग असल्याचं स्पष्ट केलं आणि कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-ए आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला त्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गार्ड, रुंद टायर आणि वाढवलेलं सस्पेन्शन हे तीन बदल धरले जाऊ शकतात. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग म्हणून कलम १९०(२) लावलं, तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिने रद्द राहू शकतं. जागेवर भरायची तडजोड रक्कम राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे ठरते, त्यामुळे महाराष्ट्रातलं आणि गोव्यातलं चलान सारखं असेलच असं नाही.

सीएनजी किटसारखी मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर नोंद करून घ्यायची सोय गार्डला नाही. ‘आरटीओतून पास करून देतो’ असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

गार्ड नेमकं काय बिघडवतो

आधुनिक गाडीचा पुढचा भाग मोडण्यासाठीच बनवलेला असतो. प्लास्टिकच्या बंपरमागे फोम, फोममागे आडवा बीम, बीममागे चासीची पुढची टोकं. धडकेत हे सगळं क्रमाने चुरगळतं आणि तेवढ्यात आतल्या माणसांना थांबायला थोडं अंतर मिळतं. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ५० सेंटिमीटर चुरगळत थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी साधारण साडेबारा जी (गुरुत्वाकर्षणाच्या साडेबारा पट) इतका झटका येतो. कडक गार्ड थेट चासीला जोडल्यामुळे तेच चुरगळणं २५ सेंटिमीटरवर आलं, तर झटका दुप्पट, म्हणजे सुमारे २५ जी. गार्ड वाकलेलाही दिसत नाही, बोनेट शाबूत असतं आणि छातीच्या फासळ्या मोडलेल्या असतात. ‘गार्डमुळे गाडीला काही झालं नाही’ हे वाक्य ऐकलं की आत कोण बसलं होतं आणि त्यांचं काय झालं, हे जरूर विचारा.

एअरबॅगचा निर्णय धडकेनंतर साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत होतो. वेग किती झपाट्याने घटतोय यावरून कंट्रोल युनिट तो निर्णय घेतं, आणि अनेक मॉडेल्समध्ये रेडिएटरच्या चौकटीवर पुढचे सेन्सरही असतात. मूळ रचना डोळ्यांसमोर ठेवून हे गणित बसवलेलं असतं. पुढे ४० किलोचा गार्ड आला की ते बदलतं: कधी एअरबॅग उशिरा उघडते, कधी उघडतच नाही, तर कधी हलक्या ठोकरीतही फुटते. या तिन्हींपैकी काय होईल हे तो बसवणाऱ्या दुकानदाराला सांगता येणार नाही, कारण त्याने ते तपासलेलं नसतं.

पायी चालणाऱ्याचं तर आणखी वाईट. मूळ बंपर आणि बोनेट थोडं दबतं. पाइप दबत नाही. उंच एसयूव्हीच्या गार्डची वरची पट्टी लहान मुलाच्या डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर येते. गार्ड उतरवायला एवढं एक कारण पुरे आहे.

‘हायवेवर गाय आडवी आली तर?’ हा प्रश्न कोकणात आणि घाटमाथ्यावर खरोखरच पडतो, राधानगरीकडे गवाही आडवा येतो. पण पूर्ण वाढलेला गवा ६०० ते १,००० किलोचा असतो. ताशी ८० च्या वेगात त्याच्यासमोर पाइप काही वाचवत नाही, उलट सगळा धक्का चासीत शिरतो. रात्री अशा पट्ट्यात वेग ५० च्या आत ठेवणं आणि हेडलाइटची काच स्वच्छ ठेवणं, हाच खरा उपाय.

विम्याचं गणित

पॉलिसीचे दोन भाग सुटे समजून घ्या.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेलं नुकसान. हा भाग सक्तीचा आहे आणि अपघातग्रस्ताच्या हक्काचा आहे. विमा कंपनीला तो नाकारायला कोणती कारणं देता येतात, हे कलम १५० मध्ये मोजून दिलंय: लायसन्स नसणं, खासगी गाडी भाड्याने चालवणं, शर्यत वगैरे. गार्डचा उल्लेख त्यात नाही. म्हणून जखमीला भरपाई सहसा मिळते. मात्र महत्त्वाची माहिती लपवल्याचा मुद्दा काढून कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू द्या, अशी मागणी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे करू शकते. फौजदारी बाजू तर विम्यात येतच नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बेकायदेशीर गार्डचा फोटो पंचनाम्यात लागला की बचाव अवघड होतो.

ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, हा खरा वादाचा भाग. गाडी नीट अवस्थेत ठेवण्याची आणि माहिती खरी देण्याची अट प्रत्येक पॉलिसीत असते. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) अहवालात ‘अनधिकृत बदल’ लिहितो. मग कंपनी क्लेम पूर्ण नाकारते, किंवा गार्डमुळे वाढलेलं नुकसान (वाकलेली चासी, फुटलेला रेडिएटर) वगळते. गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली किंवा मागून ठोकली गेली, तर गार्डचा त्या नुकसानीशी संबंध नाही, असं लेखी मांडायला तुम्हाला जागा आहे.

गार्ड ‘नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी’ म्हणून आयडीव्हीत (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत) धरून प्रीमियम भरला की झालं, असा सल्ला एजंट देतात. त्याने माहिती लपवल्याचा आरोप टळेल. कलम ५२ चा भंग त्याने टळत नाही. अशी नोंद करण्यात पैसे घालू नका.

आता ज्या खर्चाच्या भीतीने गार्ड लावला जातो तो मोजून बघू. समजा प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपयांचा आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, राहिले ४,०००. इंजिन १,५०० सीसीच्या वर असेल (स्कॉर्पिओ-एन, २.२ डिझेल थार) तर सक्तीचे २,००० रुपये तुमच्याकडून जातात, त्याखाली असेल (जिम्नी, १.५ डिझेल थार) तर १,०००. हातात येणार २,००० ते ३,०००. त्यासाठी क्लेम घातलात तर एनसीबी (क्लेम न घातल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर येतो. ओन डॅमेज प्रीमियम १४,००० असेल आणि एनसीबी ३५ टक्के, तर गेले ४,९००. म्हणजे एकट्या बंपरसाठी क्लेम घालायचाच नाही, तो खिशातून बदलायचा. मोठ्या ठोकरीसाठी झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घ्या. बहुतेक कंपन्या ते पहिली पाच वर्षं देतात आणि वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा पॉलिसीत लिहिलेली असते. गार्डच्या पैशात कित्येकदा दोन-तीन वर्षांचं झिरो डेप निघतं.

गार्ड उतरवताना

काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण घाईत केलं तर बंपर आणि सेन्सर दोन्ही जातात.

आधी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून ब्रॅकेटचे फोटो काढा. गार्डवर दिवे, हॉर्न किंवा विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) असेल तर बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा आणि किमान तीन मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. दिव्यांची वायर जिथे गाडीच्या मूळ वायरिंगला (हार्नेसला) जोडली असेल, तिथपर्यंत जाऊन सोडवा. अर्ध्यात कापून टेप गुंडाळली की पहिल्या पावसात शॉर्ट होते.

बोल्ट बहुधा १७ किंवा १९ च्या पान्याचे असतात. कोकणातल्या दमट हवेत ते हमखास गंजलेले सापडतात, म्हणून गंज सैल करणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. गार्ड २५ ते ५० किलोचा असतो. खाली लाकडी फळी ठेवून जॅकचा टेकू द्या, समोर एक माणूस उभा करा, आधी खालचे बोल्ट सोडा आणि दोन्ही बाजूंचा वरचा एकेक बोल्ट शेवटपर्यंत ठेवा. सगळे एकदम सोडले तर गार्ड बोनेटवर किंवा पायावर येतो.

ब्रॅकेट वेल्ड केलेलं असेल तर गॅस कटर वापरू देऊ नका. उष्णतेने चासीचा पत्रा नरम पडतो. ग्राइंडरने ब्रॅकेटच कापा, चासीला लागून एक-दोन मिलिमीटर धातू ठेवा आणि तो हळूहळू घासून काढा. विंडशील्डवर ओलं गोणपाट टाका, नाहीतर ठिणग्यांचे काळे ठिपके काचेत कायमचे बसतात.

आता चासीच्या टोकांची भोकं बघा. कारखान्यातलं भोक गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना सारखं असतं. ड्रिलने पाडलेलं खरबरीत आणि थोडं वाकडं. ड्रिलचं छोटं भोक घासून झिंक प्रायमर मारा. भोक फाटलं असेल किंवा गॅसने वाढवलेलं असेल, तर त्यावर पट्टी वेल्ड करून मोकळं होऊ नका. अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी दाखवा.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट पुढे आहे. गार्ड आत बसावा म्हणून फॅब्रिकेटर बरेचदा बंपरमागचा फोम कापतो, कधी आडवा बीमच काढून टाकतो. बाहेरून बंपर बसवला की काहीच कळत नाही. बंपर उघडून आत हात घाला: फोम अखंड आहे का, बीमचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का? नसतील तर चासी नंबर देऊन मूळ भाग मागवा. हे न करता नुसता गार्ड काढला, तर गाडी गार्ड लावलेल्या गाडीइतकीच असुरक्षित राहते.

बंपर बसवताना जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नका, त्या ताशी ८० ला फडफडतात. नंबर प्लेट गार्डवर हलवली असेल तर तिचं स्नॅप लॉक काढताना तुटतं आणि ते पुन्हा वापरता येत नाही. एचएसआरपी (सक्तीची सुरक्षा नंबर प्लेट) अधिकृत पुरवठादाराकडूनच पुन्हा बसवून घ्या, साधे स्क्रू मारले की त्याचं वेगळं चलान आहे.

पुढचं वजन उतरलं की गाडीचं नाक थोडं वर येतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. सपाट जागेत भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली आणा. शेवटी इग्निशन चालू करा: एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा तसाच राहिला, तर स्कॅनरवर फॉल्ट कोड काढून घ्या. पुढे रडार असलेल्या मॉडेलमध्ये रडारचं कॅलिब्रेशनही तपासून घ्या. कामाचं बिल तारखेसह जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी गाडीचे नवे फोटो विमा कंपनीला द्या.

जुनी गाडी घेताना गार्ड काढलेला असला तरी वरच्या सगळ्या खुणा शोधा. रेडिएटरच्या खाली आरसा धरला की ब्रॅकेटच्या खुणा लगेच दिसतात. पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत करा. विकणाऱ्याचा एनसीबी गाडीबरोबर येत नाही.

गार्ड असतानाच अपघात झाला तर

अपघातानंतर गार्ड काढून टाकू नका. चासीवर ताज्या खुणा राहतात, रस्त्यावरच्या लोकांनी फोटो काढलेले असतात, आणि मग वाद बदलाचा न राहता फसवणुकीचा होतो. आहे तशी गाडी दाखवा. नुकसान ५०,००० रुपयांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअर येतोच. त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागा. क्लेम नाकारला तर पॉलिसीची कोणती अट मोडली, हे कंपनीकडून लेखी घ्या.

पॉलिसीची अट मोडली तरी ती मूलभूत नसेल, तर क्लेम सरसकट नाकारण्याऐवजी ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केला. ते प्रकरण गार्डचं नव्हतं, खासगी गाडी भाड्याने दिल्याचं होतं. तरी तक्रारीत त्याचा आधार जरूर घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षभराच्या आत जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचं असेल तर मुदत दोन वर्षांची.

ऑफरोडला खरंच काय लागतं

दगडधोंड्यांत गाडीला मार लागतो तो खालून. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड पत्र्याची स्किड प्लेट लावा, पण ती पुढच्या बीमला नाही, तर चासीच्या खालच्या कारखानी भोकांत बसली पाहिजे. अडकलेली गाडी ओढायला कंपनीचे टो हुक पुढे-मागे आहेत का आणि ते चासीला थेट जोडलेत का, हे पाहून ठेवा. दोर गाडीच्या वजनाच्या किमान दोन-तीन पट क्षमतेचा आणि बो शॅकल (दोर अडकवायचे लोखंडी आकडे) ४.७५ टनांचे असावेत. दोर कधीही गार्डच्या पाइपला अडकवायचा नाही, कारण वेल्ड तुटला की तो पाइप ओढणाऱ्या गाडीच्या काचेतून आत शिरतो.

स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांचे नियम वेगळे असतात आणि गार्ड, रोलकेज (केबिनमधली संरक्षक पाइपची चौकट), विंच तिथे योग्य जागी असतात. मात्र ती गाडी ट्रेलरवर न्या. आणि हे ध्यानात ठेवा की साध्या कार पॉलिसीत संघटित शर्यत, वेग चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेली असते, म्हणजे तिथलं नुकसान गार्ड असला काय नि नसला काय, तुमच्याच खिशातून जातं.